तळ्यावरचा पाटीएवढा कॉम्प्युटर

"याला कॉम्प्युटर म्हणतात? डबा म्हण, डबा!" केदार खो खो हसला.

"हस! जुन्या सिस्टीमनं हा लुळाच पडला होता. मावशीनं लिनक्स टाकलं, आता तू चप्पल घालेपर्यंत चालू होतो!" तनयानं पाटीएवढा कॉम्प्युटर दप्तरात कोंबला. मे महिन्याची सुट्टी, अंजूरला केदारचं घर आणि दिवसभर तळ्यावर धुडगूस. असा झकास बेत होता!

पण तळ्यावर मासे पोटं वर करून तरंगत होते. आणि बांधावर तळ्याचे मालक, भाऊ, पाड्यावरच्या जान्याला चपलेनं बडवत होते. भोवतीची मोठी माणसं हसत मजा बघत होती. एक जण तर मोबाईलवर शूटिंग घेत होता!

"झाडपाला ठेचून पाण्यात टाकता आणि मासे गुंगवता! तुम्हा लोकांची सवयच ती!"

"ते व्हाळात, व्हात्या पान्यात, भाऊ! तळ्यात न्हाय! ह्याच पान्यावर आमची बी गुरं हायेत..."

"उलट बोलतोस?" फाट्! "उद्या पाडा सोडायचा. नाहीतर झोपडी पेटवीन!"

जान्याची मुलगी तानी, तनयाची सुट्टीतली मैत्रीण, ओठ चावत उभी होती. तिला रडूसुद्धा येत नव्हतं.

तनयानं एक मासा उचलला. कल्ले निळेशार! "तानी, तो पाला निळा असतो?"

"न्हाय गं. हिरवा."

तिघांचीही नजर नाल्याकडे गेली. नाला येत होता थेट रंगाच्या गोदामामागून!

"भाऊ, गोदामातून..." केदारनं सुरुवात केली.

"पुरावा आण, मग तोंड उघड!"

दुपारी तिघं गोदामामागे जाऊन बसली. सुपरवायझर धावत आला आणि त्यानं केदारचा फोन हिसकावला. "फोन इधर मना है!" मग त्याला तनयाच्या मांडीवरची पाटी दिसली. पडद्यावर एक पेंग्विन उड्या मारत होता.

"हे काय, खिलौना? खेळा, खेळा! बाळं ती!"

हसत हसत त्यानं पोरांसमोरच रंगाची पिंपं नाल्यात धुतली. निळं पाणी फेसाळत तळ्याकडे निघालं. पेंग्विन उड्या मारतच राहिला आणि त्याच्या मागे कॅमेरा सगळं गिळत राहिला!

"चला, फुटा आता!" फोन परत फेकत त्यानं जाता जाता पाटीला लाथ घातली. पाटी दगडावर आपटली. पडद्याला तडा गेला!

"मेला!" केदार किंचाळला.

"छट्! याच्या आत फिरणारं, मोडणारं काही नाहीच. चालू आहे!"

संध्याकाळी देवळासमोर सगळ्या गावानं ते शूटिंग पाहिलं. भाऊंनी सुपरवायझरला बोलावून त्याच चपलेनं बडवलं. तेच लोक तसेच हसले.

"शाब्बास पोरांनो! नाव काढलंत!" भाऊंनी पेढे वाटले. कोपऱ्यात जान्या बसला होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. "जान्या, बसलास काय? ते मेलेले मासे उपस!"

तनयानं पेढा खाली ठेवला आणि पाटी भाऊंकडे वळवली.

"भाऊ, जान्याकाकांची माफी मागा."

"आवर गं तुझं खेळणं!"

"सुपरवायझरही हेच म्हणाला होता."

कॅमेऱ्याचा इवला दिवा लुकलुकत होता. भाऊंनी दिव्याकडे पाहिलं, मग जान्याकडे.

"चुकलं," भाऊ पुटपुटले.

तानी पुढे झाली. "ऐकू न्हाय आलं!"