उतरणारा काटा

आमच्या वेल्डिंग मशीनला आम्ही म्हैस म्हणतो. काळी, जड, जागची न हलणारी, आणि चालू केली की रवंथ केल्यासारखी घुमत राहणारी. हल्लीची मशीनं डब्याएवढी असतात. माणूस खांद्याला अडकवून शिडी चढतो, बटण फिरवतो, आकडा उजळतो, झालं. म्हशीला बटण नाही. तिच्या डोक्यावर हँडल आहे. ते फिरवलं की आतला लोखंडी गाभा सरकतो आणि बाजूच्या खाचेतला लाल काटा पट्टीवर वरखाली होतो. काटा वर गेला की धग वाढते, खाली आला की उतरते. पट्टीवरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत.

मिस्त्रींना त्याचं काही वाटत नाही. आकडे असते तरी त्यांना ते दिसले नसते. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. उमेदीच्या काळात काळी काच डोळ्यांपुढे न धरता ठिणगीकडे बघायची त्यांना खोड होती. आता त्यांना उजेड कळतो, माणूस उभं आहे एवढं कळतं, पुढचं नाही. म्हणून वेल्डिंग मी करते. ते म्हशीशेजारी स्टुलावर बसतात, हँडलवर हात ठेवतात आणि ऐकतात. धग कमी असली की रॉड लोखंडाला चिकटतो आणि आवाज गुदमरतो. जास्त झाली की फडफडतो, मग पत्र्याला भोक पडलंच समजा. बरोबर असली की कढईत काहीतरी मंद आचेवर तळलं जावं तशी एकसारखी चुरचुर येते. ती आली की मिस्त्री "हं" म्हणतात. आमच्या संसारात त्यांनी माझं केलेलं कौतुक म्हणजे तेवढं "हं".

त्या हॉटेलचं काम आलं तेव्हा दुपार होती. मालकीणबाई वयाने लहान होत्या. मामाच्या पश्चात हॉटेल त्यांच्याकडे आलेलं. तळघरात कपडे धुण्याची जागा होती: ओळीने यंत्रं, ओल्या चादरींचा आणि साबणाचा वास, छताला गुंडाळलेले पाइप. अगदी टोकाला एक जाड लोखंडी दार. त्यामागे पूर्वी पाणी तापवायचा बॉयलर होता, तो कधीच मोडीत गेला.

"हे दार कायमचं बंद करायचंय, मावशी," त्या म्हणाल्या. "कुलूप लावलं तरी सकाळी उघडं सापडतं. कामावरचं कोणीतरी आत जाऊन झोपत असणार. विचारलं तर सगळे कानांवर हात ठेवतात."

"नवं कुलूप लावून बघितलंत?"

"कुलपं बदलून दमले मी."

मी आत जाऊन बघून घेतलं. कोणतीही खोली बंद करण्याआधी मी बघतेच. चार भिंती, सिमेंटची जमीन, बॉयलर होता तिथे एक काळपट गोल डाग. वर, रस्त्याच्या पातळीला, जाळी बसवलेला एक झरोका. त्यातून मांजरसुद्धा शिरलं नसतं. अंथरूण नाही, विडीचं थोटूक नाही. झोपायला येणाऱ्याची एकही खूण नाही. धूळसुद्धा नव्हती, हे मला जरा नवलाचं वाटलं. पण बंद खोलीत कधीकधी धूळ बसत नाही, असं मीच मला सांगितलं.

टेम्पोवाल्याच्या माणसांनी म्हैस खाली उतरवली. मी दार लावलं, म्हशीच्या तारेचा चिमटा चौकटीला अडकवला, मिस्त्रींना स्टुलावर बसवलं. जाड लोखंड म्हणून काटा पट्टीच्या बऱ्यापैकी वर घेतला. काच खाली केली आणि रॉड टेकवला.

ठिणगी छान पेटली. वीतभर रेघ गेली असेल नसेल, आवाज गुदमरला आणि रॉड चिकटला.

"काटा का उतरवलात?" मी विचारलं.

"मी कशाला उतरवू?"

काटा अगदी तळाला होता. पत्र्याचा डबा सांधायला ठेवावा तिथे.

जुनं मशीन, हादऱ्याने हँडल सरकलं असेल. मी काटा परत वर नेला, भंगाराचा एक जाड तुकडा घेऊन त्यावर चालवून बघितलं. पूर्ण रॉड संपला तरी काटा जागचा हलला नाही. मिस्त्री "हं" म्हणाले. परत दाराशी आले. परत वीतभर रेघ, परत रॉड चिकटला.

"म्हातारी झाली तुमची म्हैस," मी म्हटलं.

"माझी कशी? लाडावलीस तू." पण ते हसले नाहीत. बोटांनी हँडल चाचपत होते.

मी तारेचा तुकडा घेऊन हँडल बाजूच्या कडीला करकचून बांधलं. मिस्त्रींना म्हटलं, वरून हातही ठेवा. या खेपेला रेघ जरा लांब गेली. मग मागून ते म्हणाले, "थांब."

काच वर केली. तार तुटली नव्हती. तिचे पीळ उलगडले होते. एकेक करून, नीट.

"हँडल फिरलं," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली."

"धरायचं ना मग घट्ट!"

"धरलं होतं. अगं, जोर नव्हता त्यात. हिसका नव्हता." ते शब्द शोधत राहिले. "हट्ट करणाऱ्या पोराच्या हातातून आपण एखादी वस्तू काढून घेतो ना, समजूत काढत, तसं."

धुण्याचं एक यंत्र थांबलं आणि तळघर अचानक मोठं झाल्यासारखं वाटलं.

त्याच वेळी सगळं गुंडाळून मी घरी गेले असते, तर कोणी काही म्हटलं नसतं. मालकीणबाईंनी दुसरा कोणीतरी आणला असता. पण मिस्त्रींची नजर गेल्यापासून मी ऐकत आले होते: आंधळा आणि बाई, यांचं काम म्हणजे रामभरोसे. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण पाठीला कान असतातच. त्या दिवशी अर्धवट दार सोडून आम्ही म्हैस वर चढवली असती, तर ती गोष्ट आमच्या आधी बाजारात पोचली असती. आणि मला मिस्त्रींसाठी ते नको होतं. त्यांचे कान अजून कुठल्याही आकड्यापेक्षा खरे होते.

"दोन्ही हातांनी धरा," मी म्हणाले. "मी पुरं करते."

"आधी विचारून घेऊ."

"कोणाला?"

मिस्त्रींनी मान दाराकडे वळवली. टाकी किंवा बंद खोली सांधायची असली की आत हाक मारायची त्यांची जुनी रीत होती. पण ती आत माणूस चुकून राहू नये म्हणून. मी तर आत्ताच खोली डोळ्यांनी बघून आले होते. तरी ते उठले, माझा दंड धरून दाराशी आले. मी जेमतेम धरलेली रेघ छिन्नीने तोडली. दार उघडलं.

"आम्ही बंद करतोय," मिस्त्री आतल्या अंधाराला म्हणाले. शेजाऱ्याशी बोलावं तसे, हळू. "कोणी असाल तर या बाहेर. आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. झरोक्यातून रस्त्यावरच्या पायांच्या सावल्या जमिनीवरून सरकत होत्या. मालकीणबाई जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. काय चाललंय विचारावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. मला त्यांच्यासमोर ओशाळल्यासारखं झालं.

कोणी आलं नाही.

"ठीक आहे," मिस्त्री म्हणाले, आणि स्वतःच चाचपत दार ओढून घेतलं.

मग मात्र काटा हलला नाही. मी बिजागरीकडची बाजू वरून खाली एका दमात ओढली. म्हैस शांतपणे घुमत होती. रॉड बदलताना मी मागे बघितलं. मिस्त्रींनी हँडलवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले होते.

"अहो, धरा ना."

"गरज नाही. आता तेच सांभाळतंय. जरासं वर घेतलं त्याने, ऐकलंस ना? बरोबर घेतलं."

मी काट्याकडे बघितलं नाही. वरची कड घेतली. चुरचुर इतकी एकसारखी येत होती, की इतकी सुंदर रेघ मी आयुष्यात ओढली नसेल. हात आपोआप चालत होता. कुलपाच्या बाजूला आले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "दोन आवाज येतायत."

"तळघर आहे. घुमतंय."

"घुमलेला आवाज मागून येतो." ते उठून उभे राहिले होते. "हा तुझ्या पुढे चाललाय."

मी थांबले. रॉड उचलला.

चुरचुर थांबली नाही.

क्षणभरच. मग तीही थांबली. पुढचा माणूस मागच्यासाठी वाट बघत उभा राहतो, तशी.

मी हातमोजा काढला आणि चौकटीवर, अजून न सांधलेल्या जागी, बोट टेकवलं. लगेच काढून घेतलं. तिथे चटका बसला.

लोखंडातून धग पुढे जाते. जातेच. मी मोजा चढवला आणि राहिलेली रेघ पुरी केली. काचेआडून मी एका तेजस्वी ठिपक्याकडे बघत होते आणि बाकी सगळं काळं होतं, हे बरं होतं.

मालकीणबाईंनी दार दोन्ही हातांनी ढकलून बघितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. आवाजात सुटल्याचा आनंद होता. आमच्यासाठी चहा सांगायला त्या वर गेल्या. मी रेघेवरची काळी खपली हातोडीने ठोकून काढली, ब्रश मारला. खालची कड मी सोडली होती. तिथे धुण्याचं पाणी साचतं, त्याला निचरा हवा, असं मालकीणबाईंनीच सांगितलं होतं. आणि तीन बाजू धरल्यावर ते दार हत्तीनेही हललं नसतं.

मिस्त्री भिंतीला टेकून होते. "एकदा बघून ये," ते म्हणाले.

"कुठे?"

"झरोक्यातून. मला बघता आलं असतं तर मीच गेलो असतो."

मी टॉर्च घेऊन वर गेले. रस्त्यावर ऊन होतं, माणसं आपापल्या घाईत होती. मी फूटपाथवर गुडघे टेकले, तशी एक बाई मला वळसा घालून गेली. जाळीला कपाळ लावलं आणि टॉर्च आत मारला.

खोली रिकामी होती. चार भिंती, काळपट डाग. मी श्वास सोडला आणि उजेड दारावर नेला.

दाराच्या कडेने आतून वेल्डची रेघ होती. बिजागरीकडून वर, वरून आडवी, कुलपाकडून खाली. बाहेरच्या धगीने आतलं लोखंड निळसर होतं, काळं पडतं, हे मला माहीत आहे. पण त्याची अशी खवल्यांवर खवले बसलेली जाड रेघ होत नाही. तिन्ही बाजूंची खपली ठोकून काढलेली होती. ब्रश मारल्यासारख्या त्या चमकत होत्या.

"दिसलं का काही?" मिस्त्री जिना चढून माझ्यामागे आले होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"रिकामी आहे," मी म्हणाले.

"विचारलं होतं आपण," ते म्हणाले.

मी टॉर्च विझवला. आत काळोख झाला, आणि मग मला उंबरठ्याशी चौथी रेघ दिसली.

मी सोडलेली खालची कड अजून लाल होती.