चहापुरती आग

ताईला शिखर गाठायचं होतं, आणि तेही गुडघ्याच्या ऑपरेशनआधी. दोनदा ढगांनी तिला निम्म्यातून परत पाठवलं होतं. तिसऱ्या खेपेला तिने थेट धाकट्या भावालाच धरलं, कारण त्या डोंगरावर वाटाड्या म्हणून त्याच्याइतकं कुणी चाललेलं नव्हतं. सोबत भावोजी होते, निवृत्त पोस्टमास्तर. "मी आपला रजिस्टर पार्सल. पोचवाल तिथे पोचेन," असं म्हणत ते दर वळणावर बसत.

तिसऱ्या सकाळी उंच झाडांचं शेवटचं रान लागलं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, शिखर चार तासांवर. आणि वाटेच्या कडेला एक चूल दिसली. तीन दगड, वर माती लोटलेली.

वाटाड्याने ती पाहताक्षणी ओळखली. ती त्याचीच होती! मंगळवारी दुसऱ्या मंडळींना आणलं होतं तेव्हाची. उन्हाळ्यात या रानात काडी ओढायलाही बंदी. पण पाहुणे गारठले होते, आणि आग ती केवढी, चहापुरती. निघताना त्याने वडिलांच्या शिकवणीप्रमाणे वर वीतभर माती ओढली होती.

"कुठल्या मेल्याने इथे चूल पेटवलीय?" ताई म्हणाली.

वाटाड्याने नजर चुलीवरच ठेवली. निखारे विझले असतील तर झाकली मूठ सव्वा लाखाची. तो बघायला पुढे झाला आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला. खाली राख होती. गरम! त्याने पाय ओढून काढला, तर बुटाचा तळ धुमसत होता. मातीने विस्तव विझतो, असं वडील सांगत. पण इथली माती म्हणजे वर्षानुवर्षं कुजलेला पालापाचोळा. आग तिच्याखालून मुळ्या खात पसरली होती.

"पाणी!"

तिघांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. शिखरासाठी राखलेला कॅनही ताईने स्वतःच ओतला, मागेपुढे न पाहता. वाफ उसळली. दहा पावलांवर नवा धूर निघाला. मग काहीतरी कडाडलं. उजवीकडचं झाड हललं. वारा तर नव्हताच!

"ताई, सरक!"

तिचे गुडघे वळेनात. त्याने झेप घेतली. तिला कवेत धरलं. दोघं उतारावर गडगडत गेले. ती उभी होती नेमकं तिथेच झाड आडवं झालं. त्याच्या उपटलेल्या मुळ्यांची टोकं लाल होती.

भावोजी धडपडत उतारावरून खाली आले. ताईला त्यांनी उठवून बसवलं. ते ताईच्या केसांतली माती काढत राहिले.

वाटाड्याने वॉकीटॉकीवरून वनचौकीतल्या बाईंना जागा सांगितली.

"माणसं पाठवते, दोन तासांत पोचतील. विस्तव किती दिवसांचा?"

"आत्ताच सापडला."

"सापडला कधी ते नाही, पेटवला कधी? जमिनीखालची आग रोज थोडी थोडी सरकते. दिवस कळला तर ती अडवायला चर कुठे खणायचा ते ठरेल. कालचा असेल?"

'हो' म्हटलं की सुटलो. करून सवरून नामानिराळा. पण मग चर चुलीच्या फार जवळ खणला गेला असता, आग आधीच त्याच्या पुढे गेलेली असती, आणि माणसं त्याच्या पलीकडे निर्धास्त उभी राहिली असती, अशाच एखाद्या झाडाखाली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मंगळवारचा," तो म्हणाला. "दुपारी एकचा. मीच पेटवला होता."

"मंगळवार, दुपारी एक," बाईंनी टिपून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "परवाना जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

ताई त्याच्याकडे बघत होती. "ताई, तुझं शिखर…" त्याने सुरुवात केली.

"त्याचं नाव काढू नकोस," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

दोन तासांनी नऊ माणसं फावडी घेऊन वर आली. वाटाड्याने गळ्यातला परवाना काढून त्यांच्या मुकादमाच्या हातात दिला. मुकादमाने तो न बघताच खिशात टाकला आणि धुरकटलेल्या रानाकडे नजर टाकली.

"चर खणायला पलीकडे जायचं कुठून? जमीन कुठे पोकळ आहे, काय माहीत."

वाटाड्याने काठी उचलली. टोकाने जमीन ठोकत, एकेक पाऊल जोखून तो पुढे निघाला. त्याच्या पावलावर पाऊल टाकत नऊजण निघाले. त्यांच्यामागे भावोजी. आणि जरा थांबून, ताईही.