संसर्ग म्हणजे जवळ येणं

तो येऊन आदळला तो थेट माझ्या टेबलावर. हातातला रंगाचा डबा त्यानं वाचवला, माझी कपबशी मात्र गेली.

"माफ करा हं... शब्दकोशाचं ऑफिस हेच ना? एका शब्दाचा अर्थ हवा होता."

"शब्दाचा देते. कपाचं काय?"

तो हसला. गालाला निळा रंग लागलेला, आणि त्याचा त्याला पत्ताच नाही! दवाखान्याच्या भिंतीवर तो सूचना रंगवत होता. 'संसर्ग' हा शब्द काढायचा, तर तो आधी कळायला हवा म्हणे. असला पेंटर मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सम् म्हणजे एकत्र," मी माझ्या ऑफिसच्या आवाजात सुरू केलं, "आणि सृज् म्हणजे सोडणं, निर्माण करणं. दोन्ही मिळून मिसळणं, जवळ येणं. संस्कृतात चांगल्या माणसांचाही संसर्ग होतो."

"मग त्यात रोग कधी शिरला?"

"मागाहून. माणसं जवळ आली, की तोही येतो."

"म्हणजे जवळ येणं आधीचं..." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी उगाच कपाचे तुकडे गोळा करत बसले.

मग तो येतच गेला. कधी 'लागण' विचारायला, कधी 'साथ'. भिंत एक, शब्द दहा! माझे साहेब चष्म्यावरून बघायचे. मीही सकाळपासून जिन्याकडे कान लावून असायचे, हे कशाला लपवू? पण एक दिवस तो म्हणाला, "दूरच्या शहरात नाटकांचे पडदे रंगवायचं काम मिळालंय. पुढच्या महिन्यात निघेन."

"छान," मी म्हणाले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मला कांजिण्या आल्या. या वयात! आईनं मला मागच्या खोलीत कोंडलं आणि दारात स्वतः पहारा दिला. दुसऱ्या दिवशी बाहेर ओळखीचा आवाज आला.

"तुम्हाला येऊन गेल्यात का?" आईचा प्रश्न.

"हो तर! लहानपणीच."

मी चादर नाकापर्यंत ओढली. "बघू नका माझ्याकडे."

"नाही बघत," तो बघतच म्हणाला.

मी बरी होईपर्यंत तो रोज आला. खिडकीशी बसायचा, शिकाऊ असताना रंगवलेल्या चुकीच्या पाट्यांचे किस्से सांगायचा. मी हसायचे आणि वाट बघायचे... आज बोलेल, आज तरी. तो उठायचा, दारात रेंगाळायचा, आणि "येतो" म्हणून जायचा. तो गेल्यावर खोली इतकी रिकामी वाटायची, की मला रडू यायचं.

शेवटच्या दिवशी म्हणाला, "गावाला जाण्याआधी भेटून जाईन."

मी ऑफिसला जायला लागले. तो आला नाही. जिन्यावर पाऊल वाजलं, की माझं पेन थांबायचं. जायची तारीखही उलटून गेली. न भेटता गेला? मला इतका राग आला, की संध्याकाळी पत्ता काढून मी त्याचं घर गाठलं. निदान घरच्यांना तरी चार शब्द सुनवावेत!

दार त्याच्या वहिनीनं उघडलं. "भावोजी आत आहेत, पण तुम्ही जाऊ नका हं. कांजिण्या आल्यात. लहानपणी घरात सगळ्यांना आल्या, हे एकटेच सुटले होते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मला येऊन गेल्यात," म्हणत मी आत शिरले.

तोंडभर फोड, त्यावर गुलाबी औषध. मला बघून त्यानं उशी तोंडावर घेतली.

"खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं, तर आईंनी दारातूनच परत पाठवलं असतं," उशीमागून आवाज आला. "तुम्ही आत... मी बाहेर... नसतं जमलं."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"इतक्या जवळ नको."

"मला आता काही होत नाही."

"मला होतं ना!"

मी उशी खाली ओढली. "नोकरी?"

"पंधरा दिवस थांबतील. मग जावंच लागेल." त्यानं उशीचा कोपरा मुठीत धरला. "कळवणार होतो. पण काय कळवू? तुमच्याशिवाय करमत नाही, हे दुसऱ्याच्या हाती कसं सांगून पाठवायचं?"

इतके दिवस जे ऐकायला जीव टांगणीला लागला होता, ते हेच. "जा तू," मी म्हणाले. 'तू' कधी आलं, मलाच कळलं नाही. "पण जाताना मला एकदा विचारून जा."

"येतेस?" त्यानं लगेच विचारलं.

मी इतक्या घाईनं 'हो' म्हणाले, की दाराबाहेर वहिनी खुदकन हसल्या.