गुलाबी होणारं पाणी

"हळू सोड! काठावर आपटली तर फुटेल बाटली!" जान्हवी ओरडली.

"प्लॅस्टिकची हाये, फुटते कायले?" तिच्या मामेभावानं, चंदननं दोरी सैल सोडली. "अन् तू ओरडू नको व ताई. इथं ओरडलं की विहीर उत्तर देते!"

ते काही खोटं नव्हतं. जान्हवीचे शब्द खालून दोनदा परत आले होते, आणि दुसऱ्यांदा आले ते जरा उशिराच. मे महिन्यातली भर दुपार होती. तेलंगणातल्या वांकिडी गावाबाहेरच्या मामांच्या भाजीच्या मळ्यात एक पान हलत नव्हतं. चंदनची धाकटी बहीण हर्षाली जान्हवीच्या कुर्त्याचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती.

तिनं घाबरावं असंच कारण होतं. मामांच्या सुनेचं, रंजीतावहिनीचं दोन महिन्यांचं बाळ या घरात निळं पडायचं! आधी ओठ, मग नखं. दवाखान्यात नेलं की चार दिवसांत गुलाबी. घरी आणलं की आठवड्याभरात पुन्हा निळं. असं दोनदा झालं होतं. बाळ वरच्या, पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधावर होतं, म्हणून डॉक्टरांनी पाण्याची चौकशी केली, तर अमृतरावमामांनी पंचायतीचा कागद पुढे केला : नायट्रेट शून्य! पाण्यात काही नाही म्हटल्यावर मामी हळूच म्हणायला लागली, "ही विहीरच लेकरू मागून राह्यली."

आणि आज संध्याकाळी पाच वाजता बाळ तिसऱ्यांदा घरी येणार होतं. सुट्टीला आदिलाबादहून आलेल्या जान्हवीला तो कागद पटला नव्हता. तिची आई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे पाण्यात काही नाही, असं त्या घरात म्हणायची कुणाची हिंमत नव्हती!

बाटली वर आली. पाणी अगदी नितळ. वास नाही, गाळ नाही, साधा शेवाळाचा तंतूही नाही.

"इतकं साफ काऊन हाये?" हर्षाली कुजबुजली. तो प्रश्न तिघांपैकी कुणालाच आवडला नाही.

पंचायतीत पाणी तपासणारे भिवाजीकाका चप्पल घालूनच बसले होते. "आना लवकर! माह्यी जेवायची वेळ झाली!"

त्यांनी काचेच्या नळीत पाणी ओतलं, एक पुडी टाकली, खळखळ हलवलं आणि नळी उजेडात धरली. "पाय! काई रंग आला? शून्य!" वहीत शून्य लिहून, नळी खिडकीत ठेवून काका छत्रीसकट पसार!

तिघं जड पावलांनी फाटकाशी जाऊन निंबाखाली बसली. निंबोळ्या वेचत तिघं पंचायतीच्या दाराकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं चंदन म्हणाला, "बाटलीचं झाकण आतच राह्यलं की!"

तिघं परत आली. खोलीत कुणी नव्हतं. पंखा कुरकुरत होता. खिडकीत नळी जशीच्या तशी उभी होती, पण तिच्यातलं पाणी गुलाबी झालं होतं!

"कोन आलं होतं इथं?" चंदननं दारामागे वाकून पाहिलं.

कुणीच आलं नव्हतं. दार सारा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आणि तिघं बघत असतानाच तो रंग हळूहळू आणखी गडद होत गेला.

"भूत!" हर्षाली किंचाळली. "विहिरीतलं भूत नळीत आलं!"

जान्हवी दाराकडे वळली. पळून जावं असं तिला फार वाटलं. पण तिची नजर तपासणीच्या डब्यावर गेली. झाकणाच्या आत तेलुगूत बारीक अक्षरात काहीतरी चिकटवलेलं होतं.

"चंदन, तू तेलुगू शाळेत आहेस ना? वाच!"

चंदननं ओळीवरून बोट फिरवलं. "पुडी टाका... हलवा... पदि निमिषालु... दहा मिनिटं थांबा! मंग रंग पहा!"

जान्हवीनं त्याच्याकडून ती ओळ पुन्हा वाचून घेतली. दहा मिनिटं! भिवाजीकाका तर दहा श्वासही थांबले नव्हते!

शेजारच्या रंगांच्या तक्त्यावर हा गुलाबी रंग सगळ्यात शेवटच्या, सर्वांत जास्त नायट्रेटच्या चौकोनाशी जुळला. जान्हवीनं ताबडतोब आईला फोन लावला.

"थेंबभरही देऊ नका बाळाला ते पाणी!" आईचा आवाज एकदम बदलला. "नायट्रेट पोटात गेलं की तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. म्हणून निळं पडतं ते!"

"पण मामी तर अर्धा तास पाणी उकळते!"

"उकळून पाणी आटतं गं, नायट्रेट तिथंच राहतं. उलट दाट होतं! आता ते येतं कुठून ते बघा. हा नायट्रोजन मोठा बहुरूपी आहे. सांडपाण्यात अमोनिया होऊन नाकाला झोंबतो, मातीतून झिरपत गेला की नायट्रेट होतो. मग ना वास, ना रंग. जवळ कुठं घाण पाणी मुरतंय का बघा. आणि कुठल्याही खड्ड्यात वाकून बघायचं नाही!"

डबा बगलेत मारून तिघं मळ्याकडे धावली.

उन्हानं सारं रान करपलं होतं. फक्त विहिरीच्या वरच्या अंगाला हिरव्यागार हरळीची एक पट्टी थेट कुंपणापर्यंत गेली होती.

"तिले कोनीच पाणी नाई देत," चंदन म्हणाला. म्हणाला आणि पट्टीचं टोक शोधायला लागला.

तिघं त्या हिरव्या पट्टीवरून चालत निघाली. कुंपणापलीकडे नागोरावांचा फंक्शन हॉल होता. कालच्या लग्नाच्या खुर्च्या अजून रांगेनं मांडलेल्या होत्या, सगळ्या त्यांच्याचकडे तोंड करून. पट्टी संपली तिथं एक जुनी विहीर होती, पत्र्यांनी झाकलेली.

पत्र्याखालून आवाज आला. गुडगुड... मग सगळं शांत... आणि मग एक लांब उसासा.

"ते श्वास घेऊन राह्यलं!" म्हणत शूर चंदन हर्षालीच्या मागे लपला!

जान्हवीचे डोळे चुरचुरत होते. डोळे कशानं चुरचुरताहेत? तिनं एकदा हुंगलं. हॉलच्या मोऱ्यांकडून एक जाडजूड पाइप येऊन पत्र्याखाली शिरला होता; ती गुडगुड त्याचीच होती.

"भूत नाही. अमोनिया!" ती म्हणाली. "मागे व्हा!" बांबूला बाटली बांधून तिनं फटीतून आत सोडली आणि काळपट पाणी वर काढलं.

पाच वाजता मामांच्या अंगणात एकच कल्ला झाला. "माहा डबा पळवला!" असं म्हणत भिवाजीकाका आले होते, आणि "ही पोट्टी माह्या हॉलमागं काऊन फिरून राह्यली?" असं विचारत नागोराव.

जान्हवीनं हॉलच्या पाण्यात डब्यातल्या, अमोनिया ओळखणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. क्षणात पाणी पिवळंजर्द, मग तांबूस! मग तिनं मळ्यातल्या विहिरीचं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं, पुडी टाकली, हलवलं. काहीच झालं नाही.

नागोराव खो खो हसले. "पाय अमृतराव! तुह्यं पाणी साफ! माह्या पाण्याचा काय संबंध?"

"पुरे आता, पोरांनो," मामा उठले. तेवढ्यात ऑटोचा आवाज आला. विहिरीच्या उकळलेल्या पाण्यात दुधाची पावडर कालवून बाटली घेऊन मामी दारात आली.

जान्हवी तिच्यापुढे आडवी उभी राहिली. तिला रडू फुटत होतं. "मामा, दहा मिनिटं! फक्त दहा! बाळासाठी थांबा!"

मामांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात वर केला. सगळे थांबले. हर्षालीनं मोबाइलवर वेळ लावली.

तीन मिनिटं. पाणी नितळ. पाच. वहिनी बाळाला घेऊन ऑटोतून उतरली आणि काय चाललंय ते न कळून तशीच उभी राहिली. सहा मिनिटं. नागोरावांचं हसू थोडं आखडलं. आठव्या मिनिटाला नळीत गुलाबी झाक आली. दहाव्या मिनिटाला ती अंगणाच्या टोकावरूनही दिसत होती.

मामीच्या हातून बाटली गळून पडली.

"किती विहिरीईचे शून्य लिवले म्या..." भिवाजीकाका मटकन ओट्यावर बसले. ते कुणालाच काही विचारत नव्हते. तरी त्या वाक्यानं जान्हवीला पत्र्याखालच्या उसाशापेक्षा जास्त भीती वाटली.

पंधरा दिवसांत पुष्कळ काही झालं. तहसीलमधून माणसं आली, पंचनामा झाला. नागोरावांचा पाइप उखडला गेला, जुनी विहीर उपसली गेली. भिवाजीकाकांनी साऱ्या गावाच्या विहिरी पुन्हा तपासल्या. प्रत्येक नळीसमोर ते दहा मिनिटं मांडी घालून बसायचे आणि हर्षाली मोबाइल घेऊन त्यांच्यावर पहारा द्यायची! आणखी दोन घरांत तान्ही बाळं होती. त्यांचंही पाणी वेळेवर बंद झालं.

सुट्टी संपली. निघताना जान्हवी मामांच्या पाया पडायला वाकली, तर मामांनी तिघांना मिळून जवळ ओढलं.

"मी कागद पायत राह्यलो," ते म्हणाले. "तुमी लेकराचे ओठ पायले. शाबास रे पोरांनो!"

मामी बाळाला उजेडात घेऊन ओट्यावर बसली होती. दूरच्या बोअरच्या पाण्यातलं दूध पिऊन ते आता चांगलं अडीच महिन्यांचं, गुटगुटीत झालं होतं! रोजच्यासारखं मामीनं बोटानं त्याचा ओठ हलकेच खाली ओढून पाहिला.

"गुलाबी!" ती म्हणाली, आणि बाळाला जान्हवीच्या हातात दिलं.