ओढ्यातल्या बाईचे श्वास

ही हकिकत सीमा पेडणेकरने स्वतः सांगितलेली आहे. तिच्यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही. गेल्या जानेवारीतला मंगळवार.

सकाळी सव्वानऊला सीमाने नायगावच्या घरी डब्यात दोन पोळ्या भरल्या, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि चालतच परळचा डबिंग स्टुडिओ गाठला.

अकरा वर्षं गर्दीतल्या बायकांना आवाज दिल्यावर पहिल्यांदाच नायिका मिळाली होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या बंडखोर चित्रकारांवरची इंग्रजी मालिका. त्यांतल्या एकाची प्रेयसी त्याच्या चित्रासाठी ऐन हिवाळ्यात ओढ्यात उभी राहते. तो रंगवत राहतो. ती म्हणते, "मला काही होत नाही. तुम्ही काढा चित्र."

सीमाची एक रीत होती. आधी प्रसंगातले नुसते श्वास द्यायचे, मग संवाद.

तिने श्वास दिले. रेकॉर्डिस्ट सौमित्रने ते ऐकवले.

त्यांत... दात वाजत होते.

"ताई, कुडकुडताय काय? एसी बंद करू?"

"अरे, मी कुठे दात वाजवले? मूळ नटीचा आवाज घुसला असेल."

"तो ट्रॅक बंदच आहे. हे बघा ना."

एसी बंद झाला. सीमाला घाम फुटला. दुसरा टेक.

पुन्हा तेच दात... आणि आता दोन श्वासांमधलं अंतर वाढलेलं.

तिसऱ्या टेकला ते इतकं वाढलं, की दोघंही पुढच्या श्वासाची वाट पाहत बसली.

तो आलाच नाही...

पडद्यावर बाई हसत होती. ओठ निळे पडले होते.

"संवाद घेऊन टाकू," सौमित्र हळूच म्हणाला. "दोनला चॅनलची माणसं येतील. आणि लिहिलंय तेच बोला हां, ताई. मागे एकीने वाक्य बदललं, तर दुसऱ्या दिवशी तिलाच बदललं."

सीमाला ते ठाऊक होतं. अशी भूमिका पुन्हा मिळणार नव्हती. ती त्या ओठांकडे पाहत राहिली. मग माइकजवळ सरकली.

"मला सहन होत नाही. आता थांबवा चित्र."

ओठांवर ते तंतोतंत बसलं.

सौमित्रने टेक ऐकवला. दात वाजत नव्हते. श्वासही नव्हता...

सीमाचासुद्धा नव्हता. नुसते शब्द.

आजही बोलायला उभी राहिली, की ती आधी छातीवर हात ठेवून पाहते.

"परत घेऊ या?" सौमित्रने विचारलं.

"नको," सीमा म्हणाली, आणि दोन वाजायच्या आत तिने तोच टेक पुढे पाठवायला लावला.