पालथे मुख

“इन्स्पेक्टरसाहेब, त्या खिडकीतलं माउलीचं मुख नकली आहे!” कॅथेड्रलचे फादर उद्गारले.

प्रचंड रंगीत खिडकीत माता बालकाकडे पाहत होती. वस्त्रे जुनीच, परंतु मुख नवे. जुने, अनमोल मुख अदृश्य झाले होते. काच रंगवून भट्टीत भाजणारा कारागीर तेथे एकच. तत्काळ तो गजाआड झाला.

दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी निरीक्षकापुढे उभी राहिली. सोबत तिचा थोरला भाऊ होता. तोही कॅथेड्रलातच कामास होता. खिडकीलगतच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांनी तो मातेचे तेच चित्र त्याच मापात जडवीत असे.

“साहेब, ते अन्नाला शिवत नाहीत,” ती म्हणाली. “उद्या तुरुंगात धाडलंत तर जिवंत परतायचे नाहीत. दादा, सांग ना यांना!”

“दाजी तसे नाहीत,” भाऊ पुटपुटला.

“भट्टी कोण वापरतं?”

“दाजी. अधूनमधून मीही.”

“तुम्ही भिंतीवर एकेक तुकडा लावता?”

“छे! जन्म सरेल. उलट्या नमुन्याच्या कागदावर तुकडे पालथे चिकटवायचे. मग अख्खा कागद भिंतीवर थापायचा.”

“म्हणजे सरळ दिसायला आधी उलटं करायचं?”

“तुमच्या खात्यासारखंच,” बहीण कडवटपणे बोलली. “सरळ माणूस दिसला की त्याला उलटं टांगा!”

निरीक्षक तडक कॅथेड्रलकडे निघाला. तेथे तो खिडकीबाहेरील परांचीवर चढला. इतर काचा बाहेरून गुळगुळीत होत्या. मुखावर मात्र बोट खरखरले. तो थेट कोठडीत गेला.

“मुखाचा रंग कोणत्या बाजूस असतो?”

“आतल्या,” कारागीर क्षीण स्वरात म्हणाला. “बाहेर ठेवला तर पाऊस खाईल. का हो? रंग बाहेर आहे? साहेब, मला वाटेल ती शिक्षा द्या, पण ती काच सरळ करा!”

सायंकाळी निरीक्षकाने सर्वांस खिडकीखाली जमविले.

“ही काच पालथी बसली आहे. काचकारागीर झोपेतही असं करणार नाही. हे केलं ते उलटा नमुना बाळगणाऱ्यानं. हातच्या सवयीनं त्यानं त्याच नमुन्यावर काच कापली, रंगवली, भाजली. मग ती जागेवर बसेना! दुसरी करायला सवड नव्हती. त्यानं ती पालथी घातली. आकार जुळला, नजरही बाळाकडे वळली. रंग मात्र बाहेर गेला. जुनं मुख कुठे आहे, दादा?”

भावाने आपली टोपली पुढे ओढली.

“हातोडी निसटली, साहेब. फुटलं. तुकडे माझ्याच टोपलीत, इतर काचांत मिसळलेत. काम जाईल म्हणून घाबरलो. अगं, मी सांगणारच होतो!”

“केव्हा? माझं कुंकू पुसल्यावर?”

त्याने तिच्याकडे हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

“साहेब,” ती निरीक्षकास म्हणाली, “आधी माझ्या माणसाला बाहेर काढा. मग याला न्या. कोठडीच्या दारात दोघांची गाठ पडू देऊ नका. ते याला माफ करतील, आणि ते मला बघवायचं नाही.”