अर्धलीचं कासव

घाटनांदूरच्या स्टँडवर अंबाजोगाईची गाडी अजून लागली नव्हती. ऋतुजा बाकड्यावर टेकली आणि शेजारच्याच्या फोनकडे तिचं लक्ष गेलं. तोच जपानी खेळ… रानातले अजब प्राणी पकडायचे, सांभाळायचे, मोठे करायचे.

"अहो, थांबा! अजून एक टोला दिलात तर मरेल ते. जाळं टाका!"

त्यानं मान वर केली. उन्हानं रापलेला चेहरा, खांद्यावर घोंगडी, पायाशी एक करडू.

"उपाशी हाय ते," तो म्हणाला. "आदी चारा टाकतो."

चारा टाकला, मग जाळं. प्राणी अलगद आत आला. ऋतुजाला आठवलं, आपण मारूनच पकडतो आणि निम्मे हातचे जातात.

त्याचं नाव लखन. घरची शेळ्या-मेंढरं, बाजाराला यायचा. ती सिरसाळ्याची, अंबाजोगाईला नर्सिंगला. तिचे मामा घाटनांदूरला, म्हणून येणंजाणं. मग बाजारच्या दिवशी गाडी वेळेवर आली की दोघांनाही राग यायला लागला.

"तुमच्या एकाही प्राण्याला नाव कसं नाही?" तिनं एकदा विचारलं.

"इकायच्या जनावराला नाव ठेवत न्हाईत. जीव गुंततो."

"खेळात कोण विकतंय?"

"सवय हाय…" म्हणत त्यानं फोन छातीशी धरला.

तिच्याकडे दगडी पाठीचं एक कासव होतं. ते कितीही लढवलं तरी वाढत नव्हतं. दुसऱ्याच्या हाती दिलं, तरच मोठं होणारं. पण अदलाबदल एकदा झाली की समोरचा परत देईलच असं नाही, म्हणून तिनं ते कुणालाच दिलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती बॅग घेऊन आली.

"लातूरला नोकरी लागली. आता ह्या रस्त्यानं येणं नाही."

लखन करडाच्या कानाशी खेळत राहिला. "चांगलं झालं की," एवढंच म्हणाला.

हा आज बोलला नाही, तर कधीच बोलणार नाही.

"माझं कासव घ्या," ती म्हणाली. "बदल्यात तुमच्या खेळातला तो तुरेवाला पोपट द्या."

"त्यो न्हाई! दुसरा कोणबी घ्या."

"का?"

"चावतो."

"मला तोच पाहिजे. फोन जवळ आणा, लांबून होत नाही."

"किती जवळ?"

"ह्याच बाकड्यावर… अजून थोडं."

त्यानं उसासा सोडला आणि बटण दाबलं. त्याच्या फोनवर कासव गरगर फिरलं, उजळलं, डोंगराएवढं झालं. पण ऋतुजा आपल्या फोनकडे बघत होती. पोपट आला होता… नावासकट.

"ह्याचं नाव ऋतुजा आहे?"

लखनचे कान लाल झाले. "नाव तिकडं जातंय व्हय? मला वाटलं, नाव माझ्याकडंच राहील."

"जनावराला नाव ठेवत नाही म्हणत होतात!"

"ते तुमचं न्हाई… गावात लई ऋतुजा हायत."

"किती?"

"…एकबी न्हाई."

ती हसली, पण डोळे भरून आले. "ह्या चिडक्या पोपटाला माझं नाव?"

"धरायला सगळ्यात जास्त दिवस ह्यानंच घेतले. अन् हा इकायचा न्हाई." तो घाईनं म्हणाला, "बदलून टाका नाव."

"ज्यानं ठेवलं त्यालाच बदलता येतं."

"मग ऱ्हाऊ द्या."

लातूरची गाडी आत वळली. लखननं बॅग उचलली. "थांबा, तुमचं कासव परत देतो."

"नको. अर्धलीनं ठेव." 'ठेवा' नाही… 'ठेव'. दोघांच्याही ते ध्यानात आलं. "तुमच्यात शेळी देतात ना तशी. सांभाळणार तू, पिल्लं निम्मी-निम्मी."

"अन् पोपट?"

"तोही अर्धलीनंच. माझ्याकडे."

ती पायरी चढली, खिडकीशी बसली. लखन खिडकीखाली उभा राहिला. करडू त्याच्या पायात घुटमळत होतं.

"अर्धलीत वाटणीला मालकाच्या घरी जावं लागतंय," तो म्हणाला. "सिरसाळ्याला… एकटा येऊ, का आईला घिऊन?"

गाडी हलली. ऋतुजानं खिडकीबाहेर मान काढली.

"आईला घेऊन ये! वाटणी मोठ्या माणसांसमोरच करतात!"